पॅप तपासणीमागचा संसार

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग ओळखण्यासाठी 'पॅप' तपासणी करतात. या नावातला 'पॅप' म्हणजे एका ग्रीक डॉक्टरांच्या आडनावाची सुरुवात. बायकांच्या आजाराचा विषय घरातल्या सगळ्यांनी वाचायचा का, असे काही वाचकांना वाटेल. आमच्या मते हा विषय सगळ्या घराचाच आहे, कारण ही तपासणी एका नवरा-बायकोच्या संसारातून आली.

जॉर्ज पापानिकोलाऊ यांचा जन्म १८८३ साली ग्रीसमधील एव्हिया बेटावरच्या कीमी गावी झाला. वडील डॉक्टर होते. जॉर्जही अथेन्समध्ये डॉक्टर झाले, पण त्यांचा ओढा संशोधनाकडे. १९१० साली आंद्रोमाकी यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि १९१३ मध्ये दोघे न्यूयॉर्कला पोचले. इंग्रजी येत नव्हते, हाताशी पैसे जेमतेम. आंद्रोमाकींनी एका मोठ्या दुकानात गुंड्या शिवल्या. डॉक्टरसाहेब तिथेच गालिचे विकायला उभे राहिले. पोटासाठी त्यांनी हॉटेलात व्हायोलिनही वाजवले. 

पुढच्या वर्षी कॉर्नेलच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना काम मिळाले. आंद्रोमाकीही त्याच प्रयोगशाळेत मदतीला गेल्या, तेही पगाराविना. त्यांना मूलबाळ नव्हते. दिवसभर प्रयोगशाळा आणि संध्याकाळी घर, दोन्हीकडे दोघे एकत्र असत.

स्त्रीच्या शरीरातून सुटणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आतली अवस्था कळते का, हे पापानिकोलाऊंना तपासायचे होते. त्यासाठी निरोगी स्त्रीचे नमुने वर्षानुवर्षे हवे होते. ते आंद्रोमाकींनी दिले. सुमारे एकवीस वर्षे त्या हे नमुने देत राहिल्या. निरोगी पेशी कशा दिसतात हे पक्के कळल्यामुळेच बिघडलेल्या पेशी ओळखता आल्या. १९२८ मध्ये त्यांनी हा शोध मांडला, तेव्हा फारसे कोणी मनावर घेतले नाही. १९४१ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांच्यासोबतचा त्यांचा निबंध छापून आला आणि मग वैद्यकविश्वाचे लक्ष तिकडे गेले. १९६२ साली पापानिकोलाऊंचे निधन झाले. तपासणीला नाव त्यांचे मिळाले. आंद्रोमाकींचे नाव मागेच राहिले.

आता आपल्या घरांकडे पाहू. मुलांचा ताप, अब्बांची शुगर, सासूबाईंचे गुडघे, सगळ्यांची काळजी अम्मी घेते. तिच्या तपासणीची वेळ आली की "मला काय झालंय?" म्हणून ती विषय टाळते. हया हा आपल्या दीनमध्ये मोठा गुण आहे. पण आजार अंगावर काढणे म्हणजे हया नव्हे. हा रोग हळूहळू वाढतो. सुरुवातीला त्रास जाणवत नाही, म्हणूनच तपासणी त्रास होण्याआधी करायची असते.

त्याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून सुमारे १ लाख ३१ हजार महिलांचा अभ्यास झाला. पॅपनंतर आलेली एचपीव्ही तपासणी ज्या गटात एकदाच केली गेली, तिथे या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

तीस वर्षांपुढच्या प्रत्येक भगिनीने आपल्यासाठी कोणती तपासणी योग्य, हे डॉक्टरांना विचारावे. संकोच वाटत असेल तर महिला डॉक्टरांकडे जावे. पाळी नसताना किंवा संबंधानंतर रक्त गेले, तर एक दिवसही थांबू नये.

आणि भावांनो, घरकामाला हात लावणे ही पैगंबर (स.) यांची सुन्नत आहे. त्या दिवशी मुले आणि स्वयंपाक तुम्ही सांभाळा, बीबीला दवाखान्यात घेऊन जा आणि रिपोर्ट आणायलाही तुम्हीच जा.