‘वय झालं’ म्हणून राहून गेलेलं निदान

मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये देशभरातल्या 45 वर्षांवरच्या 72 हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. ‘लासी’ या नावाने ती ओळखली जाते. नैराश्याचं निदान झालंय का, या प्रश्नाला हो म्हणणारे साठीपुढचे लोक शंभरात एकही भरले नाहीत. मात्र ठरावीक प्रश्नावली घेऊन लक्षणं विचारली, तेव्हा 8.3 टक्के ज्येष्ठांमध्ये तीव्र नैराश्याची चिन्हं आढळली. हे अंतर जवळपास दहापट आहे. म्हातारपणातल्या मानसिक आजारांचा भार वाढतोय हे खरंच. 2011 च्या जनगणनेत साठीपुढचे लोक सुमारे 10.4 कोटी होते आणि 2050 पर्यंत दर पाच भारतीयांत एक ज्येष्ठ असेल. पण माझ्या मते खरी अडचण संख्येपेक्षा या अंतरात आहे. आजार समोर असतो आणि आपण त्याला वय म्हणतो.

असं होण्याला कारण आहे. ‘मी खचलोय’ असं आजोबा सहसा सांगत नाहीत. अंगात त्राण नाही, झोप लागत नाही, तोंडाला चव नाही, पोट साफ होत नाही, अशी त्यांची तक्रार असते. मग रक्त तपासलं जातं, टॉनिक दिलं जातं आणि फार तर झोपेची गोळी मिळते. या वयात त्या गोळीने तोल जाऊन पडण्याचा आणि भ्रमिष्टपणा येण्याचा धोका वाढतो, हे घरात कुणी सांगत नाही. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण विसराळूपणाही हसण्यावारी नेतो. वास्तविक नैराश्यामुळे, थायरॉइडच्या बिघाडाने किंवा बी-12 च्या कमतरतेनेही विसरायला होतं, आणि या तिन्हींवर उपचार आहेत. स्मृतिभ्रंशाचं तसं नाही. तो पूर्ण बरा होत नाही, पण निदान झालं तर निदान घरच्यांना तरी कळतं की हा हेकटपणा नसून आजार आहे. ‘लासी’ला जोडून झालेल्या अभ्यासानुसार साठीपुढच्या 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. त्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आढळलं. मुलं परदेशी गेलेल्या फ्लॅटमधल्या जोडप्यांचा हा प्रश्न, अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी लागते.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे आपली कुटुंबव्यवस्था. ते अगदीच पोकळ नाही. एकटं राहणं हे नैराश्याचं एक कारण आहेच. पण ‘लासी’च्याच पाहणीत एकटे राहणारे ज्येष्ठ शंभरात सहासुद्धा नव्हते. म्हणजे बहुतेक नैराश्य भरल्या घरातच आहे. नवरा गेल्यावर जिच्या हातून घरातले निर्णय गेले, जिला ऐकू कमी येतं म्हणून जेवताना कुणी बोलण्यात घेत नाही, तिच्याभोवती दहा माणसं असून काय उपयोग? कानाचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी जी 14 कारणं मांडली त्यांत बहिरेपणा, अधू दृष्टी, नैराश्य आणि एकटेपणा ही चारही आहेत. सगळी 14 कारणं दूर झाली तर जगातले 45 टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतील, असा आयोगाचा अंदाज आहे. श्रवणयंत्र आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हेही मनाच्या आरोग्याचेच उपाय ठरतात.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. जोडीदार गेला, गुडघे गेले, तर माणूस दुःखी होणारच. त्या दुःखालाही आजार ठरवून गोळ्या चालू करायच्या का? नाही. शोक हा आजार नव्हे. पण महिनोन् महिने जेवणाखाण्यात, नातवंडांत, देवधर्मात, कशातच मन लागत नसेल, तर तो नुसता शोक राहिलेला नसतो. शिवाय उपचार म्हणजे गोळीच असंही नाही. गोव्यात प्राथमिक आरोग्य सेवेत आलेल्या, साठीपुढच्या आणि नैराश्याची सौम्य लक्षणं असलेल्या 181 जणांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. समुपदेशन करणारे मनोविकारतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. अडचण एकेक करून सोडवायची कशी, झोपेची सवय कशी लावायची, मधुमेह कसा सांभाळायचा एवढंच ते शिकवत आणि सरकारी योजना मिळवायला मदत करत. वर्षभरात समुपदेशन मिळालेल्या गटातल्या 4.4 टक्के लोकांना तीव्र नैराश्य आलं. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत ते 14.4 टक्के होतं. प्रयोग लहान होता, पण मनोविकारतज्ज्ञ मुळातच कमी असलेल्या देशाला याहून परवडणारा मार्ग मला दिसत नाही.

तेव्हा रक्तदाब मोजणाऱ्या प्रत्येक आरोग्य केंद्रात ज्येष्ठांना आणखी दोन प्रश्न विचारले जावेत: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होतं का, आणि नेहमीच्या गोष्टींतला रस गेला का? ते सुरू होईपर्यंत घरच्यांनी तरी, साखर तपासायला नेताना आई-वडिलांची झोप, भूक आणि बदललेला स्वभाव डॉक्टरांच्या कानावर घालावा. कुठे विचारावं हेच कळत नसेल, तर सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.