निरभ्र आकाशातील वीज

बदलापूर वा अंबरनाथ येथून सकाळी मुंबईची गाडी पकडणाऱ्या नोकरदाराच्या डोक्यावरील तारेत २५ हजार व्होल्टचा दाब असतो. त्याच्या सुमारे दसपट दाब आयनांबर व भूपृष्ठ यांच्या दरम्यान सदैव नांदत असतो, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. पृथ्वीवर कोठे ना कोठे चालू असलेली गडगडाटी वादळे हा दाब टिकवून धरतात आणि निरभ्र प्रदेशांतून अतिसूक्ष्म प्रवाह जमिनीकडे परततो. 'कार्नेगी' या संशोधननौकेने १९२८-२९ साली सागरावर घेतलेल्या नोंदींवरून हे विद्युत्‌क्षेत्र जगभर एकाच वेळी चढते व उतरते, असे दिसून आले. आपल्याकडे मध्यरात्र उलटते त्या सुमारास ते कमाल असते.

ही नाडी उल्हासनगरात बसून तपासता येणार नाही. धुराचे व धुळीचे कण हवेतील आयन टिपून घेतात, हवेची विद्युत्‌वाहकता घटते आणि जगाची नोंद गावाच्या नोंदीत बुडून जाते. म्हणूनच शास्त्रज्ञ ध्रुवप्रदेशाकडे वळले. तेथे सुमारे ३० किलोमीटर उंचीवर संशोधन-बलून तरंगत ठेवले, तर धूळ आड येत नाही. शिवाय सौरवाऱ्यामुळे ध्रुवांवरील आयनांबरात निर्माण होणाऱ्या हजारो व्होल्टच्या दाबभेदाची छाया तेथपर्यंत उतरते व मोजता येते.

हे सारे परक्यांचेच कार्य आहे असे नव्हे. नवीन पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्थेने अंटार्क्टिकातील मैत्री केंद्रावर, जमिनीवरून, अशी मापने केली आहेत. या संस्थेची परंपरा कुलाब्याच्या वेधशाळेपर्यंत पोहोचते. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांनी चुंबकीय नोंदी बिघडणार, हे ओळखून ते काम अलिबागला नेण्यात आले. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या. त्यामुळे मालिका तुटली नाही.

ही दूरदृष्टी आजही हवी आहे. वस्ती वाढणारच, कारखानेही हवेतच. परंतु वेधशाळेभोवतीची मोकळी जागा एकदा गेली की पूर्वीच्या नोंदींशी तुलना करण्याचा आधारच जातो. या तिन्ही गावांतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एकवार पनवेल-अलिबागची वाट दाखवावी. जे पाहिले आहे, तेच जपावेसे वाटते.