पणजोबा, तुम्ही नेमके कुठे लपलात?

वंशावळ शोधायला बसलं की पूर्वज लपंडाव सुरू करतात. कुणी वय चोरतं, कुणी नाव बदलतं, तर कुणी थेट संसदेच्या कपाटात जाऊन बसतं. (गंमत नाही, खरंच! वाचा पुढे.) परदेशात त्यांना गाठायचे दोन हुकमी अड्डे आहेत: जनगणनेचे तक्ते आणि लग्नाची रजिस्टरं. पण या कागदांचे नखरे काय कमी आहेत? चला, धप्पा द्यायला निघू या!

सगळ्यांचं वय पाचाच्या पाढ्यात

माहीत आहे का, १८४१ च्या ब्रिटिश जनगणनेतली मोठी माणसं बहुतेक २५, ३०, ३५ नाहीतर ४० वर्षांचीच आहेत? पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत, तेही खाली आणून लिहा, असा मोजणीदारांना हुकूमच होता. ३९ ची बाई कागदावर ३५ ची! सरकारी खर्चाने अँटी-एजिंग!

काही मोजणीदारांनी हुकूम कानाआड करून खरं वय लिहिलं, तो आणखी वेगळा घोळ. नेमकं वय, कुटुंबप्रमुखाशी नातं आणि जन्मगाव हवं असेल तर १८५१ गाठा.

दहा वर्षांत पंधरा वर्षांनी म्हातारे

आयर्लंडमध्ये उलटीच गंगा. १९०८ च्या कायद्याने सत्तरी गाठलेल्या गरिबांना पेन्शन मिळू लागली. पण तिथे जन्मनोंदणीच सुरू झाली १८६४ मध्ये, मग दाखला कुणाकडे असणार? झालं! १९०१ च्या जनगणनेत अजून साठीही न गाठलेले कित्येक आजोबा १९११ मध्ये सत्तरी पार करून बसले.

वय सिद्ध करायला लोक १८४१ आणि १८५१ चे तक्ते शोधायला लावत. पुढे १९२२ मध्ये डब्लिनच्या अभिलेखागाराला आग लागली आणि ते तक्ते बहुतेक खाक झाले. पण पेन्शनवाल्यांच्या शोधचिठ्ठ्या वाचल्या! आज त्याच चिठ्ठ्यांतून जळालेली कुटुंबं सापडतात. जय पेन्शन!

कपाटातली पाहुणी

२ एप्रिल १९११, जनगणनेची रात्र. ब्रिटनमधल्या मताधिकारवादी बायकांचा पवित्रा साफ होता: मतदानात धरत नाही, तर मोजणीत कशाला धरता? एमिली डेव्हिसन यांनी कमालच केली. त्या संसदेच्या तळघरातल्या चॅपेलमध्ये शिरल्या आणि रात्रभर कपाटात दडून बसल्या.

सकाळी सापडल्या. कारकुनाने पत्त्याच्या जागी संसदेचं तळघर लिहून नोंद केली. तिकडे त्यांच्या राहत्या जागीही त्यांचं नाव चढलं होतं. म्हणजे मोजणीवर बहिष्कार टाकणारी बाई मोजली गेली डबल! पुढे खासदार टोनी बेन यांनी त्या कपाटात स्वतःच्या हाताने पाटी ठोकली.

आग, युद्ध आणि रद्दी

तुमचे पूर्वज अमेरिकेत १८८० ते १९०० दरम्यान गायब आहेत? दोष त्यांचा नाही. १८९० च्या जनगणनेच्या कागदांना १९२१ मध्ये वॉशिंग्टनला आग लागली. सहा कोटींहून जास्त माणसांपैकी जेमतेम सहा हजारांच्या नोंदी उरल्या.

इंग्लंडचा स्कोअर बघा. १९३१ ची जनगणना १९४२ मध्ये जळाली आणि १९४१ ची युद्धापायी झालीच नाही. १९२१ ते १९५१, मधे सगळा शुकशुकाट.

आणि आयर्लंड? १८८१ आणि १८९१ चे तक्ते पहिल्या महायुद्धात कागदाचा लगदा करायला धाडले. पूर्वज गेले रद्दीत!

एकाच ओळीत माहेर-सासर

या शुकशुकाटात इंग्लंडला तारलं ते १९३९ च्या रजिस्टरने. युद्ध पेटल्यावर ओळखपत्रांसाठी २९ सप्टेंबरला घाईघाईने माणसं टिपली गेली. मग हीच वही तिथल्या आरोग्यसेवेने १९९१ पर्यंत वापरली. एखादीचं लग्न झालं, की कारकून जुन्या आडनावावर काट मारून नवं लिहायचा.

म्हणजे १९३९ च्या पानावर १९६० चं लग्न सापडू शकतं. टाइम ट्रॅव्हल, विदाऊट तिकीट!

शेक्सपिअरच्या दोन नवऱ्या?

माहीत आहे का, शेक्सपिअरच्या लग्नाच्या कागदांत दोन दिवसांत दोन वधू आहेत? २७ नोव्हेंबर १५८२ ला वुस्टरच्या बिशपच्या वहीत लग्नाचा परवाना चढला. वधू: टेम्पल ग्राफ्टनची अ‍ॅन व्हेटली. दुसऱ्याच दिवशी जामीनपत्र झालं. वधू: स्ट्रॅटफर्डची अ‍ॅन हॅथवे!

प्रेमाचा त्रिकोण? बऱ्याच अभ्यासकांच्या मते त्रिकोण वगैरे काही नाही, कारकुनाची डुलकी. व्हेटली आडनावाच्या कुणाचा तरी खटला त्याच दिवशी त्याच वहीत होता. नवरदेव १८ चा, नवरी २६ ची आणि पहिल्या लेकीचा बाप्तिस्मा मे १५८३ मध्ये. महिने तुम्हीच मोजा!

मेहुणी? नको रे बाबा!

पणजोबांचं दुसरं लग्न गावच्या चर्चमध्ये सापडत नाही? आधी बघा, दुसरी बायको पहिलीची बहीण तर नव्हती? १८३५ पासून १९०७ पर्यंत इंग्लंडमध्ये मृत बायकोच्या बहिणीशी लग्न कायद्याने रद्दबातल होतं. मग जोडपी जायची अनोळखी गावात, जिथे मेहुणीला मेहुणी म्हणून कुणी ओळखत नसे.

वरमाई, १८४ वर्षं थांबा

इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी विवाहनोंदणी १८३७ मध्ये सुरू झाली. दाखल्यावर वराचा बाप, वधूचा बाप आणि दोघांचे धंदे. आया कुठे? आल्या की, ४ मे २०२१ ला! तोवर वरमाई फक्त फोटोत.

स्मिथ आणि शिंदे एकाच कप्प्यात

स्पेलिंगच्या गोंधळावर रॉबर्ट रसेल या अमेरिकन गृहस्थाने १९१८ मध्ये तोडगा पेटंट केला: साउंडेक्स. पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. अमेरिकन जनगणनेच्या सूच्या पुढे याच रीतीने लागल्या.

आता आपली आडनावं इंग्रजीत लिहून त्यात घाला. पाटील: पी-३४०. पटेल: पी-३४०. महाराष्ट्र-गुजरात एकदम भाऊ-भाऊ! शिंदे: एस-५३०. ग्वाल्हेरचे सिंदिया: एस-५३०. ठीक आहे, घरातलीच माणसं. पण स्मिथ? तेही एस-५३०! कोण म्हणतं विलायतेत आपलं कुणी नाही?

डेट की भाऊबीज?

आइसलँडने १७०३ मध्येच अख्ख्या देशाची नावानिशी जनगणना केली: ५०,३५८ माणसं. देश इवलासा, म्हणून सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी लागतात. २०१३ मध्ये तिथे अ‍ॅप निघालं: दोन फोन एकमेकांना टेकवा आणि नातं किती जवळचं ते बघा. कॉफीआधीच कळतं, गुलाब द्यायचा की ओवाळणी!

सर्वात लांबलचक वंशावळीचा मान मात्र कन्फ्यूशियसच्या घराण्याचा. ८० च्या वर पिढ्या आणि २००९ च्या आवृत्तीत २० लाखांहून जास्त नावं. यांच्या घरच्या पंगतीचा विचारच नको.

आणि आपल्याकडे?

भारतात पहिली जनगणना १८७२ मध्ये आणि देशभर एकाच वेळी झालेली पहिली १८८१ मध्ये. मग पणजोबांचा तक्ता बघू या? विसरा! १९४८ च्या जनगणना कायद्याने माणसागणिक माहिती गुप्त. ती ना कुणाला बघता येते, ना कोर्टात पुरावा म्हणून चालते. अमेरिका ७२ वर्षांनी कुलूप उघडते, ब्रिटन १०० वर्षांनी. आपल्याकडे किल्लीच नाही.

पण मराठी माणूस अडतोय थोडाच! नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांकडे गाव आणि आडनाव सांगा, वही उघडते. कोण, कधी, कुणाबरोबर आलं, सगळं हजर. तहसीलमध्ये गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, जन्ममृत्यूची कुंडली सांगतं. अट एकच: जुनी पानं मोडीत आहेत, तेव्हा मोडी वाचणारा पकडा.

खरी पंचाईत पणजीची. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं, की माहेरचं नाव आणि आडनाव एका झटक्यात गुल. माहेरची चंद्रभागा सासरी लक्ष्मी झाली. आता शोधा!

बोटीवरचे मराठी

कोकणातून मॉरिशसला गेलेल्या गिरमिटियांचं, म्हणजे करारबद्ध मजुरांचं, मात्र नशीब जोरावर. तिथल्या मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत त्यांची रजिस्टरं आहेत: नंबर, बापाचं नाव, वय, जात, गाव, अंगावरची खूण, बोट. पुढच्या काळातल्यांचे तर फोटोसुद्धा! आजोबांचं साधं नाव तिकडे आडनाव झालं, म्हणून भिवाजीचे नातू सगळे 'भिवाजी'.

गोव्यात तर पूर्वज चक्क पासपोर्ट मिळवून देतात. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्या आजोबांची पोर्तुगीज नोंद हाती लागली, की नातवंडांना लिस्बनचं दार किलकिलं होतं. मग कसं, 'आजोबा, तुमची फार आठवण येते!'

सर्वात चविष्ट दस्तऐवज

आणि आता क्लायमॅक्स! आपलं बेस्ट विवाह-रजिस्टर सरकारकडे नाहीच, ते आहे माळ्यावरच्या ट्रंकेत. जुनी लग्नपत्रिका! 'आमचे येथे श्रीकृपेकरून' पासून वाचत जा: आजोबांचं नाव, मूळ गाव, हल्ली मुक्काम, वधूच्या वडिलांचं नाव-गाव, वर मामाकडची फौज आणि प्रेषकांची रांग. तीन पिढ्या आणि दोन घराणी एका गुलाबी कार्डात. इंग्लंडच्या दाखल्याला जमेल?

घोळ एकच, तोही तळाशी: 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' म्हणणारी किलबिल. चिंटू, पिंकी, बबडू, सोनू. कोण हे? कुणाची पोरं? तेव्हा पुढची पत्रिका रद्दीत टाकण्याआधी मागच्या बाजूला पेनाने लिहून ठेवा, बबडूचं खरं नाव काय ते. नाहीतर शंभर वर्षांनी एखादी पणती साउंडेक्समध्ये 'बबडू' टाईप करत बसेल!