मोबाइलचं जाळं नेमकं कुठे अडतं?

लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीनची आवक वाढली की आडतीपासून चहाच्या टपरीपर्यंत मोबाइलवरून पैसे फिरत असतात. होला-महल्ल्याच्या दिवसांत नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याभोवती देशभरातले भाविक उतरतात आणि प्रत्येकाच्या खिशात फोन असतो. अशा गर्दीत रेंजच्या कांड्या पूर्ण दिसतात, तरी पैसे जात नाहीत, मेसेज अडकून राहतो. ‘टॉवरवर लोड आहे’ असं म्हणून आपण विषय सोडतो आणि आणखी स्पेक्ट्रम आला की प्रश्न सुटेल, असं धरून चालतो. हे निदान अपुरं आहे. डेटाला जागा शिल्लक असतानाही जाळं तुंबू शकतं, कारण कोणाचा डेटा कुठे ठेवला आहे हे प्रत्येक फोनला सांगणारा कंट्रोल चॅनेल त्याआधीच भरतो. गर्दीच्या ठिकाणचं नियोजन या चॅनेलच्या हिशेबापासून सुरू व्हायला हवं.

कोणाचा डेटा कुठे जाईल याचं वाटप टॉवरमधला शेड्युलर दर मिलिसेकंदाला किंवा अर्ध्या मिलिसेकंदाला करतो. त्या इवल्याशा काळाच्या सुरुवातीचे एक ते तीन सिंबॉल, म्हणजे वेळेचे बारीक भाग, कंट्रोल चॅनेलवरच्या सूचनांसाठी राखलेले असतात आणि त्या जागेचे तुकडे पाडलेले असतात. अभियंते या तुकड्याला सीसीई म्हणतात. टॉवरजवळच्या फोनला एका तुकड्यात सूचना पोचते. किनवटच्या डोंगराळ भागात दूरवर असलेल्या फोनसाठी तीच सूचना आठ किंवा सोळा तुकड्यांवर पसरून पाठवावी लागते. डेटा चुकला तर फोन तो परत मागू शकतो, सूचनेला मात्र अशी दुसरी फेरी नसते, म्हणून ती पहिल्याच वेळी पोचेल इतकी भक्कम करावी लागते. शिवाय सूचनेची किंमत डेटाच्या आकारावर ठरत नाही. आडतीवर एक पोतं विकलं काय आणि शंभर पोती विकली काय, पट्टी एकच फाडावी लागते, तसंच हे आहे. दहा रुपयांच्या पेमेंटला पाठवतानाही सूचना लागते आणि उत्तर येतानाही लागते.

आता आकडे पाहू. नांदेड आणि लातूर ही दोन्ही शहरं महाराष्ट्र परिमंडळात येतात, मुंबईचं परिमंडळ वेगळं आहे. २०२२ च्या लिलावात जिओने देशातल्या सर्व २२ परिमंडळांत ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात १० मेगाहर्ट्झची जोडी आणि ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात किमान १०० मेगाहर्ट्झ घेतले. पहिला पट्टा भिंती ओलांडतो आणि दूर जातो, पण अरुंद आहे. दुसरा ऐसपैस आहे, पण त्याचा सिग्नल लवकर विरतो. अशा पट्ट्यांवरचे दोन कॅरिअर एकत्र वापरताना एकावरून दुसऱ्यासाठी सूचना पाठवता येतात. हेच क्रॉस-कॅरिअर शेड्युलिंग. ४जीच्या मानकात रिलीज १० मध्ये ते आलं आणि ५जीतही आहे. मोह साहजिक आहे: सगळ्या सूचना दूर पोचणाऱ्या ७०० वरून द्याव्यात आणि डेटा रुंद पट्ट्यावर टाकावा.

हिशेब मांडला की हा मोह महागात पडणारा दिसतो. १० मेगाहर्ट्झमध्ये तीनही सिंबॉल सूचनांना दिले तरी मिलिसेकंदाला जेमतेम २४ तुकडे मिळतात. दूरच्या फोनला आठ तुकडे लागत असतील, तर तीन फोनांतच चॅनेल संपतो. १०० मेगाहर्ट्झवर एकाच सिंबॉलमध्ये ४५ तुकडे बसतात, तेही अर्ध्या मिलिसेकंदाच्या खिडकीत. म्हणजे अरुंद कॅरिअरच्या एका खिडकीतून रुंद कॅरिअरच्या दोन खिडक्यांच्या सूचना द्याव्या लागतात. क्रॉस-कॅरिअरची ही सोय क्षणोक्षणी बदलताही येत नाही. ज्या फोनला दुसऱ्या कॅरिअरवरून सूचना ठरवून दिल्या, तो पुन्हा कळवेपर्यंत तिथेच पाहतो. म्हणून ती सरसकट देऊ नये. रुंद पट्ट्यावर ज्याला डेटा मिळतो पण सूचना वाचता येत नाहीत, अशाच फोनला ती द्यावी आणि गर्दी वाढली की आधी तीच आवरती घ्यावी.

यावर ‘सूचनांची जागा वाढवा’ हा पहिला आक्षेप. दिलेला प्रत्येक सिंबॉल डेटातून वजा होतो आणि तीनच्या पुढे जाता येत नाही. ‘फोनने जास्त शोधावं’ हा दुसरा. आपली सूचना कुठे आहे हे फोनला आधी माहीत नसतं, त्यामुळे संभाव्य जागा तपासतच त्याला ती शोधावी लागते. मानकानुसार हा शोध एका कॅरिअरवर १५ किलोहर्ट्झच्या, म्हणजे एक मिलिसेकंद खिडकीच्या, रचनेत प्रत्येक खिडकीत ४४ शक्यतांपुरता आणि ३० किलोहर्ट्झच्या, म्हणजे अर्धा मिलिसेकंद खिडकीच्या, रचनेत ३६ शक्यतांपुरता मर्यादित आहे. दोन्हींत ५६ तुकड्यांपलीकडे पाहायला सांगता येत नाही. चारहून अधिक कॅरिअर जोडले, तर आपण एकूण किती शोधू शकतो हे फोन टॉवरला कळवतो आणि तेवढ्यातच भागवावं लागतं. ही मर्यादा म्हणजे जाळ्याचा दोष नव्हे. स्वस्त हँडसेटची बॅटरी आणि प्रोसेसर तिच्यामुळेच टिकतात आणि मराठवाड्यात तेच फोन सांभाळायचे आहेत.

‘हा महानगरांचा प्रश्न, इथे एवढा डेटा कुठे?’ हा तिसरा आक्षेप सगळ्यात घातक आहे, कारण तो चुकीचं माप लावतो. महानगरात एक माणूस सिनेमा पाहतो तेव्हा डेटाचे मोठमोठे गठ्ठे थोड्या सूचनांत जातात. इथल्या बाजारात हजारो लहान व्यवहार एकाच वेळी होतात. जीबी कमी असले तरी सूचना जास्त लागतात. उपायही उपलब्ध आहेत. आवाजासारख्या नियमित वाहतुकीला जागा आधीच ठरवून देता येते, म्हणजे दर वेळी सूचना लागत नाही. रिलीज १८ मध्ये एकाच सूचनेने चारपर्यंत कॅरिअरवर वाटप करण्याची सोय आली आहे, मात्र त्यासाठी तशी क्षमता असलेले फोन लागतील. तोवर कंपन्यांनी लातूरच्या यार्डातला हंगाम आणि नांदेडचा होला-महल्ला यांचं नियोजन करताना डेटाच्या वापराबरोबर कंट्रोल चॅनेल किती भरतो हेही मोजावं आणि दूरसंचार नियामक ट्रायने आपल्या पाहणीत डाउनलोडच्या वेगाशेजारी हा आकडा मागावा. वेग रिकाम्या वेळी मोजला तर चांगलाच दिसतो. बाजाराच्या दिवशी शेतकऱ्याचे पैसे वेळेत पोचतात की नाही, हे या दुसऱ्या आकड्यावरून कळेल.