मॅक्बेथच्या मनातील द्वंद्व

एखादा दुष्ट मनुष्य कपट करून राजा झाला, एवढीच जर ‘मॅक्बेथ’ची कथा असती तर चार शतके ती कोणी जवळ बाळगली नसती. शिरवाडकरांसारख्या कवीला ती ‘राजमुकुट’ या रूपाने आमच्या रंगभूमीवर आणावीशीही वाटली नसती. तिचे मर्म समजण्यासाठी शेक्सपिअरने मूळ बखरीत कोणते फेरफार केले, ते आधी पाहू.

इतिहासातील मॅक्बेथने १०४० ते १०५७ स्कॉटलंडवर राज्य केले. त्याच्या आधीचा डंकन राजा रणात पडला, बिछान्यात नव्हे. शेक्सपिअरने आधारास घेतलेल्या हॉलिनशेडच्या बखरीत डंकन हा फार मवाळ राजा आहे. मुलाला युवराजपद देऊन त्याने मॅक्बेथचा वारसाहक्क डावलल्याची तक्रार तेथे आहे. बॅन्को कटात सामील आहे. आणि गादीवर आल्यावर मॅक्बेथ दहा वर्षे चांगला कारभार करतो. नाटककाराने या सर्व गोष्टी पुसून टाकल्या. बॅन्कोला निर्दोष ठरविण्यात, १६०३ साली इंग्लंडच्या गादीवर आलेल्या व बॅन्कोला आपला पूर्वज मानणाऱ्या जेम्स राजाची मर्जी राखण्याचा हेतू असेल. पण बाकीच्यांचे काय? मॅक्बेथला एकही सबब उरू नये, म्हणूनच हे केले असे आम्हांस वाटते.

आणि सबब नाही, हे त्याच्याइतके कोणासच ठाऊक नाही. डंकन आपला आप्त, आपला धनी आणि आज आपल्या घरचा पाहुणा, हे तो स्वतःशीच मोजतो. खुनाच्या वेळी ओठांशी आलेले ‘आमेन’ त्याला उच्चारवत नाही. चेटकिणी राज्याचे भाकीत करतात, खून कर म्हणत नाहीत. पत्नी डिवचते खरी. पण खंजीर चालतो तो त्याच्याच हातून. नीती कळत असूनही तो पाऊल टाकतो.

पुढे काय होते? बॅन्कोवर तो मारेकरी घालतो आणि पत्नीलाही आधी सांगत नाही. मॅक्डफच्या बायकामुलांच्या वेळी तर विचारासाठी क्षणभरही थांबत नाही. पहिल्या खुनापूर्वी एवढे झगडणारे मन आता मुके झालेले असते.

राज्यकर्त्याच्या मनातील द्विधा म्हणजे दुबळेपणा, असे आम्ही सहज म्हणून जातो. पण हात कापतो आहे तोवर माघारी फिरण्याची वाट उघडी असते. तेव्हा एखाद्याच्या निःशंकपणाचे कौतुक करण्यापूर्वी, त्याच्या शंका फिटल्या की मेल्या, एवढे तरी आम्ही नागरिकांनी विचारावयास हवे.