शरीर जपतांना मनही जपावें

हिमोफिलियांत रक्त गोठविणारा आठवा किंवा नववा घटक उपजतच उणा असतो. तीव्र विकारांत मार लागला नसतांही सांध्यांत रक्त उतरतें आणि वारंवार तसें झाल्यास सांधा आखडतो. उपचारासाठीं भाईंदरहून परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत लोकलनें जाणाऱ्या प्रौढास गर्दींतील धक्क्याचें भय. नोकरीची व विवाहाची चिंता तर वेगळीच.

अशा वेळीं वडीलधाऱ्यांची अतिजपणूकही बाधते. मातेस दोष देऊं नये. सुमारें एकतृतीयांश रुग्णांच्या कुळांत हा विकार पूर्वीं कोणासही आढळलेला नसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत त्याचा समावेश आहे. प्रमाणपत्राची चौकशी अवश्य करावी. मुख्य म्हणजे संसाराच्या निर्णयांत रुग्णाचें मत घ्यावें. औषध रक्त थांबवील. उमेद घरच्यांनींच द्यावयाची आहे.