किलिमांजारोला निघण्यापूर्वी

गेल्या महिन्यात बुटीबोरीच्या आमच्या दवाखान्यात एक तरुण आला. औद्योगिक वसाहतीत नोकरी, सडपातळ, काटक. टेबलावर छापील कागद ठेवून म्हणाला, ‘‘डॉक्टरसाहेब, यावर सही अन् शिक्का पाहिजे. किलिमांजारोला चाललो. रोज दहा किलोमीटर पळतो, मला काही होत नाही.’’

सही करायला अर्धा मिनिट पुरला असता. पण मी पेन खाली ठेवले. कारण ‘मला काही होत नाही’ हे वाक्य २०१४ साली मीही म्हटले होते.

किलिमांजारो हा टांझानियातील, आफ्रिकेतला सर्वांत उंच पर्वत. उंची ५,८९५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या साडेतीनपट. १८८९ साली हान्स मेयर आणि लुडविग पुर्टशेलर प्रथम माथ्यावर पोहोचले. आज नेहमीच्या वाटांनी दोराशिवाय, चालत वर जाता येते. २०१३ साली एव्हरेस्ट सर करणाऱ्या साताऱ्याच्या प्रियांका मोहिते यांनीही तो सर केला आहे. अशी नावे वाचून आपल्याकडची मुले निघतात, याचा आनंदच आहे. मात्र चालत जाता येते म्हणून तो सोपा, हा समज घातक आहे.

हवेत प्राणवायूचे प्रमाण सगळीकडे सारखेच, सुमारे २१ टक्के असते. पण उंचीवर हवेचा दाब घटतो आणि किलिमांजारोच्या माथ्यावर प्रत्येक श्वासात निम्माच प्राणवायू मिळतो. शरीर याची सवय करून घेते, पण त्याला काही दिवस लागतात. जेमतेम तीनशे मीटर उंचीवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर घाई मुळीच परवडत नाही. ३,००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या दिवसापेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नसावा आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा नियम आहे.

मी काय केले? रजा आणि पैसे वाचवण्यासाठी मारांगूच्या वाटेने पाच दिवसांची सहल घेतली. तिथले मुक्काम साधारण २,७००, ३,७०० आणि ४,७०० मीटरवर आहेत. म्हणजे रोज हजार मीटरची चढण, नियमाच्या दुप्पट! दुसऱ्या मुक्कामी डोके ठणकू लागले. डॉक्टर असून मी ते सोबत्यांपासून लपवले आणि गुपचूप गोळी घेतली. तिसऱ्या मुक्कामी अन्नाचा वास नकोसा झाला. तरीही मध्यरात्री कडाक्याच्या थंडीत शिखराकडे निघालो. पाच हजार मीटरच्या आसपास वाटाड्याने मला थांबवले आणि पायाच्या बोटांना टाच लावत सरळ रेषेत चालायला सांगितले. चार पावलांत माझा तोल गेला. तो एक शब्दही न बोलता माझा दंड धरून खाली वळला. सकाळी हजार मीटर खाली आलो तेव्हा डोके हलके झाले होते आणि मी मागून घेऊन खाल्ले.

त्या रात्री माझ्या मेंदूवर सूज येऊ लागली होती. उंचीवर डोकेदुखीबरोबर मळमळ, थकवा, चक्कर ही पहिली सूचना. ती मिळताच वर जाणे थांबवावे आणि त्रास वाढला तर उतरावे. तोल जाणे, असंबद्ध बोलणे, बसल्याजागी दम लागणे किंवा खोकल्यातून गुलाबी फेस येणे ही जिवावरची लक्षणे आहेत. तेव्हा सकाळची वाट न पाहता लगेच खाली उतरवणे हाच मुख्य उपाय. प्राणवायू आणि औषधे मदत करतात, उतरण्याची जागा घेत नाहीत. तंदुरुस्त माणसालाही हा त्रास होतो. उलट तो भरभर चढतो, म्हणून कधी कधी आधी सापडतो. अॅसिटाझोलामाइडची गोळी सवय होण्यास मदत करते, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सल्फाची अॅलर्जी असेल तर अवश्य सांगावे.

हे सगळे ऐकून तो तरुण म्हणाला, ‘‘म्हणजे हळू जायचं, एवढंच ना?’’

एवढेच नाही. आपल्या विदर्भात सिकलसेल फार आहे. हा आजार असलेल्यांनी इतक्या उंचीच्या वाटेला जाऊच नये. जे केवळ वाहक असतात, त्यांना घरी सहसा काहीच त्रास नसतो. म्हणून अनेकांना ते ठाऊकही नसते. मात्र प्राणवायू कमी पडला की त्यांच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात. प्लीहेचा, म्हणजे पानथरीचा, रक्तपुरवठा अडू शकतो आणि डाव्या बरगडीखाली तीव्र कळ येते. पर्वतावर तिला पोटदुखी समजून बसणे महागात पडते.

मी त्याची रक्ततपासणी करवली. आधी सोल्युबिलिटी, मग इलेक्ट्रोफोरेसिस. अहवाल आला : वाहक. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्या त्या पोराचा चेहरा पडला. ‘‘म्हणजे आता नाही जायचं?’’ मी सांगितले, वाहक असणे हा आजार नव्हे, पण निर्णय घाईचा नाही. त्याला नागपूरच्या रक्तविकारतज्ज्ञांकडे पाठवले आहे. त्यांनी होकार दिला तरच, आणि तोही आठ दिवसांच्या सावकाश वाटेने, असे ठरले. कागद अजून माझ्या खणात आहे, सही बाकी आहे.

काल तो धाकट्या बहिणीला घेऊन आला. तिचे लग्न ठरते आहे. दोघेही जोडीदार वाहक असले तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते, हे त्याला आता कळले आहे.

वाचकहो, आफ्रिकेला जा अगर जाऊ नका, ही तपासणी एकदा करून घ्या. सरकारी रुग्णालयात ती होते. आणि डोंगरावर डोके दुखले, तर माझ्यासारखे लपवू नका.